हिरवा शेंबूड आणि तीन गोळ्यांची स्ट्रिप

संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर दहा मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच: "सर्दी पिकलीये, शेंबूड हिरवा पडतोय, जरा स्ट्राँग काहीतरी द्या." लगेच अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची स्ट्रिप पुढे येते.

पण तो हिरवा रंग जंतूंचा नसतोच, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. न्यूट्रोफिल या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त एन्झाइम असतं, आणि ते मुळातच हिरवं. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी या पेशी नाकात गर्दी करून मरतात, मग पाण्यासारखं वाहणारं नाक घट्ट, पिवळं, हिरवं होतं. रात्रभर साठलेला सकाळचा शेंबूड सगळ्यात गडद, म्हणून घाबरगुंडीही सकाळीच.

सर्दी बहुतेकदा विषाणूंमुळे होते. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे 160 हून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून झालं की दुसरा हजर. बालवाडीतल्या पोराला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं यात काही वावगं नाही. अँटिबायोटिक मारतं बॅक्टेरियाला. विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, पोट मात्र बिघडू शकतं.

नाक सात ते दहा दिवसांत मोकळं होतं, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तोवर तापाला पॅरासिटामॉल, मिठाच्या गुळण्या, भरपूर पाणी. चमचाभर मधाने खोकल्याला आराम पडतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर घातले तर नाक उलट जास्तच चोंदतं. आणि उकळत्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवून वाफ देणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

श्वास घ्यायला त्रास, तीन दिवसांवर ताप, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

घशाचा एक प्रकार मात्र वेगळा. नाक वाहत नाही, खोकला नाही, पण ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी. हा स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया असू शकतो. मुलांमध्ये तो दुर्लक्षिला तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. तपासून खात्री झाली की पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारण दहा दिवस घ्यावं लागतं. गंमत बघा, हिरव्या शेंबडासाठी स्ट्रिप मागणारं घरच, तिसऱ्या दिवशी घसा दुखायचा थांबला की उरलेल्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात ठेवून देतं.