एकच रेकॉर्ड, सुया वेगवेगळ्या: कार्ट्रिजच्या आवाजात फरक येतो कुठून?

हिंदुस्थानी संगीताच्या एलपीत एक अडचण मुळातच असते. बाजू सुरू होते तेव्हा विलंबित ख्याल चाललेला असतो, स्वर लांबवलेले असतात आणि सुई रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला असते. राग जसजसा चढत जातो तसतशी सुई आत सरकते. द्रुत लयीतल्या ताना, सरगम, तराणा, तबल्याच्या चाटेवरचे कडक बोल हे सगळं येतं ते लेबलाजवळच्या खाचांत. बारीक, तीक्ष्ण आवाज नीट साठवायला एलपीवर सगळ्यात कमी जागा असते ती नेमकी तिथेच.

हिशेब सोपा आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या खाचेची त्रिज्या साधारण १४६ मिलिमीटर असते, म्हणजे तिथे सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत, ६० मिलिमीटरच्या त्रिज्येवर, हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. गाण्यातल्या ‘स’ आणि ‘श’ची बरीचशी ऊर्जा ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ८ हजार हर्ट्झची एक लाट बाहेरच्या खाचेत ६४ मायक्रॉन लांब असते, आतल्या खाचेत फक्त २६. त्या लाटेवरून जी सुई फिरायची, तिचं सर्वांत साधं टोक असतं १५ मायक्रॉन त्रिज्येचा गोल. लाटेचा उंचवटा आणि खळगा यांत अंतर १३ मायक्रॉन आणि वर फिरणारा गोल त्याच्या दुपटीहून जाड! फणीच्या दातांवरून बोट फिरवलं तर दात असल्याचं कळतं, पण दोन दातांमधल्या फटीचा तळ बोटाला लागत नाही. नख मात्र आत उतरतं. सुई आणि तिच्या हालचालीचा विजेचा संकेत बनवणारी डबी मिळून कार्ट्रिज होतं. कार्ट्रिजांच्या तुलनेत ‘हे मोकळं वाटतं’, ‘ते कोंदट वाटतं’, ‘हे स-श वर फिसकारतं’ अशी जी वर्णनं ऐकू येतात, त्यांतली निम्मी तरी इथून सुरू होतात असं माझं मत आहे.

खाच कापणारं हत्यार आणि खाच वाचणारी सुई यांचा आकार वेगळा असतो, ही यातली खरी गोम. कापणाऱ्या हत्याराची धार सरळ असते आणि ती नेहमी एकाच दिशेला तोंड करून उभी असते. खाच सरळ जात असेल तर तिची रुंदी हत्याराएवढीच राहते. पण खाच वळणावर तिरकी झाली की दोन भिंतींमधलं काटकोनातलं अंतर कमी होतं, म्हणजे खाच अरुंद होते. गोल टोकाची सुई अशा अरुंद जागी चिमटली जाते आणि वर उचलली जाते. एका लाटेत दोन तिरके भाग असतात, म्हणून ती प्रत्येक लाटेमागे दोनदा वर-खाली होते. स्टिरिओ कार्ट्रिजला ही वर-खाली हालचालही आवाजच वाटते. परिणामी मूळ स्वरात नसलेला, दुप्पट वारंवारतेचा एक आगंतुक स्वर त्यात मिसळतो. आतल्या खाचांत ‘स’ फाटल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे, आणि दोष बरेचदा रेकॉर्ड घासली गेल्याचा समजला जातो.

यावर उपाय म्हणजे सुईचं टोक पुढून-मागून पातळ करणं आणि भिंतीला मात्र उंचीच्या दिशेने लांब टेकू देणं. लंबवर्तुळी टोकाची भिंतीला टेकणारी कड ८ मायक्रॉनच्या आसपास असते. त्यापुढचं टोक तयार झालं ते एका वेगळ्याच गरजेतून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या जेव्हीसी कंपनीने एका खाचेत चार चॅनेल बसवणारी पद्धत आणली. तिच्यासाठी ३० हजार हर्ट्झचा वाहक संकेत खाचेतून वाचावा लागे आणि जुन्या सुयांना ते जमत नव्हतं. नोरिओ शिबाता यांनी त्यासाठी हिऱ्याला नवे पैलू पाडले. चार चॅनेलची पद्धत काही वर्षांत बाजारातून गेली, शिबाता टोक मात्र आजही विकलं जातं. मायक्रोलिनिअर टोकाची कड त्याहून पातळ, सुमारे ३ मायक्रॉनची असते.

आता तुलनेकडे वळू. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन कार्ट्रिजं लावून ऐकली तर एकाच वेळी सगळंच बदलतं: टोक, आतलं चुंबक आणि गुंडाळी, वजन, सुईला आधार देणाऱ्या रबराचा ताठपणा, आर्मवरची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावरची) जागा. फरक ऐकू येतो, पण तो कशाचा हे सांगता येत नाही. म्हणून ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ ही मालिका मला अभ्यासासाठी फार मोलाची वाटते. तिचा मुख्य भाग एकच आहे आणि त्यात सहा प्रकारच्या सुया बसतात: साधी गोल, लंबवर्तुळी, अखंड हिऱ्याची लंबवर्तुळी, मायक्रोलिनिअर, शिबाता आणि ७८ आरपीएमच्या तबकड्यांसाठीची. सुई पुढे ओढून काढायची, दुसरी सरकवायची. स्क्रू हलत नाहीत, वायर सुटत नाही. सुईचा खाचेवर किती भार पडतो ते दाखवणारा वजनाचा काटा तेवढा पुन्हा तपासायचा. एलपीच्या सुयांसाठी तो २ ग्रॅमवर असतो.

अशी अदलाबदल केली की चित्र बरंच स्वच्छ दिसतं. बाजूच्या पहिल्या काही मिनिटांत गोल आणि मायक्रोलिनिअर सुईतला फरक लक्ष देऊन शोधावा लागतो. शेवटच्या काही मिनिटांत तो शोधावा लागत नाही. द्रुत बंदिशीतले शब्द कळणं, तबल्याचा ‘ना’ टोकदार येणं, स्वरमंडळाच्या तारा एकमेकींत न मिसळणं, या सगळ्यांत पातळ टोक स्पष्ट पुढे जातं. साध्या लंबवर्तुळी आणि अखंड हिऱ्याच्या लंबवर्तुळी सुईत टोकाचा आकार तोच असतो. पहिलीत छोटा हिरा धातूच्या खुंटीवर चिकटवलेला असतो, दुसरीत अख्खा दांडाच हिऱ्याचा असतो, त्यामुळे हलणारं वस्तुमान कमी होतं. हा फरक माझ्या कानाला बराच लहान वाटतो. पैसे मोजायचे असतील तर ते टोकाच्या आकारासाठी मोजावेत, असं मी तरी सांगेन.

पण टोक म्हणजे सगळं नाही. हिऱ्यापासून एक बारीक नळी मागे जाते, तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. तिच्या दुसऱ्या टोकाला चुंबक असेल आणि गुंडाळी स्थिर असेल तर ते मूव्हिंग मॅग्नेट; गुंडाळी हलत असेल आणि चुंबक स्थिर असेल तर मूव्हिंग कॉइल. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये तारेचे वेढे खूप असतात, म्हणून इंडक्टन्सही (बदलत्या विद्युतप्रवाहाला गुंडाळीचा होणारा विरोध) मोठा असतो. व्हीएम९५मध्ये तो सुमारे ५५० मिलिहेन्री आहे. टर्नटेबलपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलला थोडा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो, कार्ट्रिजचा क्षीण संकेत मोठा करणाऱ्या फोनो प्रीअँपच्या आत आणखी थोडा असतो. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद होतो. एकूण कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर हा अनुनाद १५ हजार हर्ट्झच्या जवळ येतो. लांब केबल लावली आणि प्रीअँपही मोठ्या कपॅसिटन्सचा निघाला, एकूण ४०० झाले, तर तो पावणेअकरा हजारांपर्यंत खाली उतरतो. मग त्याच्या आसपास आवाजाला उठाव येतो आणि त्याच्यावरचं सगळं झपाट्याने पडतं. तंबोऱ्याची जवारी आधी जास्त चमकदार वाटते आणि थोड्या वेळाने टोचायला लागते. कार्ट्रिज तेच, रेकॉर्ड तीच, बदलली फक्त केबल. ऑडिओ-टेक्निका या मालिकेसाठी १०० ते २०० पिकोफॅरड सुचवते, तर ऑर्टोफॉन ही कंपनी आपल्या टू-एम रेड कार्ट्रिजसाठी १५० ते ३०० सुचवते. म्हणजे एकाच प्रीअँपवर या दोघांची तुलना केली, तर त्यातलं एक परक्या घरात बसलेलं असण्याची शक्यता असते. ही माहिती कार्ट्रिजच्या डब्यातल्या कागदावर छापलेली असते आणि ती वाचणारे थोडे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्या एका आकड्याकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली कार्ट्रिजं बदनाम होतात.

मूव्हिंग कॉइलला हा त्रास जवळजवळ नाही, कारण वेढे मोजके असतात. त्याची किंमत क्षीण संकेताच्या रूपात द्यावी लागते. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात घडवलेलं डेनॉनचं डीएल-१०३ आजही तयार होतं. ते ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास देतं. व्हीएम९५ची साधी सुई ४ देते. डीएल-१०३चं टोक साधं गोल, १६.५ मायक्रॉनचं आहे. वरचं सगळं गणित त्याच्या विरोधात जातं, तरीही त्याच्या मधल्या सप्तकातल्या भरदार आवाजावर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. त्यांचे कान खोटं बोलत नाहीत. आतल्या खाचांतला तोटा हा आवाजाचा एक भाग झाला. खर्ज ते मध्य सप्तकापर्यंतचा तोल हा दुसरा, आणि मानवी गळा बहुतेक वेळ त्या दुसऱ्या भागात असतो.

डीएल-१०३ला जड आर्म लागतो, कारण त्याचं रबर ताठ असतं. आर्म आणि कार्ट्रिजचं मिळून वस्तुमान एका बाजूला, रबराचा लवचिकपणा दुसऱ्या बाजूला. दोन्ही मिळून एक झोका तयार होतो. त्याची वारंवारता ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी लागते. त्याखाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डच्या लाटांनी आर्म डोलू लागतो, वर गेली तर संगीताचा खर्ज बिघडतो. २० ग्रॅम वस्तुमान आणि १५ एककांचा लवचिकपणा असेल तर उत्तर ९ हर्ट्झच्या थोडं वर येतं. हलक्या आर्मवर डीएल-१०३ लावून ‘याचा खर्ज विस्कळीत आहे’ म्हणणं हा त्या कार्ट्रिजवर अन्याय आहे.

आणि मग आवाजाची पातळी. टू-एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देतं, साध्या सुईचं व्हीएम९५ ४ देतं. अँप्लिफायरची कळ न हलवता दोन्ही ऐकली तर पहिलं सुमारे पावणेतीन डेसिबलने मोठं वाजतं. मोठ्या आवाजात खर्ज कानाला अधिक भरलेला लागतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे मोठं वाजणारं कार्ट्रिज ‘जास्त जिवंत’ वाटतं आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. पातळी न जुळवता केलेली तुलना मी तुलना मानत नाही.

पातळी जुळवायला चाचणीच्या रेकॉर्डवरचा १ हजार हर्ट्झचा स्वर वापरावा. पण आणखी एक अडचण उरते: कार्ट्रिज बदलायला वेळ लागतो आणि आवाजाच्या पोताची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. म्हणून प्रत्येक सुईने वाजवलेला तोच भाग संगणकावर ध्वनिमुद्रित करणं उत्तम. ध्वनिमुद्रण चालू असताना स्पीकर बंद ठेवावेत, नाहीतर खोलीतला आवाज आर्ममधून परत सुईत शिरतो. मग दोन्ही फायलींची पातळी एका डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवायची आणि कोणती कुठली हे घरातल्या कुणाला तरी लपवायला सांगायचं. दोन फायली शेजारी लावल्या की एक गोष्ट डोळ्यांना दिसते: सुरुवात तंतोतंत जुळवली तरी थोड्या वेळाने त्या एकमेकींपासून काही मिलिसेकंदांनी सरकतात, कारण टर्नटेबलचा वेग दोन वेळा हुबेहूब सारखा राहत नाही. ऐकण्यासाठी पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे पुरतात. तुकडा निवडताना एक बाहेरच्या खाचेतला आणि एक आतल्या खाचेतला घ्यावा. फक्त पहिली दोन मिनिटं ऐकून दिलेला निकाल साध्या गोल सुईला नेहमीच जास्त गुण देतो.

मराठी घरांत एलपीइतकाच जिव्हाळा ७८च्या तबकड्यांचा आहे. नाट्यसंगीताचा जुना ठेवा त्यांवरच आहे. त्यांची खाच कितीतरी रुंद असते. एलपीची सुई त्यात टेकली तर ती भिंतींना न चिकटता तळाशी घसरते आणि तिथली धूळ व झीज वाजवू लागते. त्यासाठी ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या आसपासचं टोक लागतं आणि वजनही जास्त लागतं. या तबकड्यांचा आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. म्हणून दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीच कमी होते. १९५४पासून रूढ झालेलं आरआयएए समीकरण (मुद्रणात खर्ज कमी आणि तार स्वर जास्त करायचे आणि वाजवताना ते उलट करून मूळ तोल परत आणायचा, ही ठरलेली पद्धत) त्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती.

जुन्या ग्रामोफोनांवर पोलादी पिना वापरत, त्या दर बाजूला बदलाव्या लागत आणि पिन धरणाऱ्या जड साउंडबॉक्सखाली भिंती एका ठरावीक उंचीवर झिजत. जुन्या तबकड्यांचं जतन करणारे तंत्रज्ञ म्हणूनच एकच सुई वापरत नाहीत. त्यांच्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या सुयांचा संच असतो. प्रत्येक तबकडीचा छोटासा भाग एकेका सुईने वाजवून बघतात. भिंतीच्या न झिजलेल्या पट्ट्यावर जी टेकते ती सापडली की खरखर मागे सरते आणि गळा पुढे येतो. मग ती अख्खी बाजू त्याच सुईने उतरवून घेतात आणि पुढच्या तबकडीसाठी निवड पुन्हा पहिल्यापासून करतात.