वर्गाआधी व्यायाम केला की मुलं पेंगतात?

‘सकाळी मुलांना पळवलं, तर वर्गात ती पेंगतात’ हा समज जुना आहे. तो अगदीच निराधार नाही, कारण दमछाक होईपर्यंत पळवलं किंवा झोप अपुरी असली तर मूल पेंगणारच. पण 15-20 मिनिटांच्या मध्यम व्यायामाने उलट घडतं. हृदयाचे ठोके वाढतात, मेंदूत सतर्कता आणणारी डोपामिनसारखी रसायनं वाढतात आणि पुढे काही वेळ लक्ष थोडं बरं टिकतं. थोडंच हं, त्याने गणित आपोआप येत नाही! शिवाय 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल लागतेच, तिचा काही वाटा इथेच भागतो.

व्यायाम मध्यम आहे का? मुलाला बोलता यावं, गाता येऊ नये. पडताळायचं तर दोन आठवडे एक दिवसाआड व्यायाम घ्या, रोज त्याच वेळी सारख्याच काठिण्याची दहा गणितं द्या आणि चुका मोजा.