तारपा, बीटबॉक्स आणि आरेचं रान

मुंबईचं रॅप म्हटलं की बाहेरच्या माणसाला धारावी आठवते, आणि धारावीच्याही आधी 14 फेब्रुवारी 2019 ला लागलेला 'गली बॉय' हा सिनेमा. पण त्याच वर्षी गोरेगाव पूर्वेला, आरेच्या पाड्यांत, एक वेगळं गाणं तयार झालं होतं. 'स्वदेसी' या रॅपरांच्या क्रूचं, म्हणजे गटाचं, 'द वारली रिव्होल्ट'. त्यात रॅपर पोरांच्या बरोबरीने केलटीपाड्यात राहणाऱ्या प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. विषय जमीन, जंगल आणि ते राखणारी माणसं. काही महिन्यांतच ज्याच्यावरून अख्खं शहर भांडणार होतं, तोच म्हणा ना. हिप-हॉप आणि झाडं ही जोडी त्या वर्षी अनेकांना चमत्कारिक वाटली. पोरं फॅशन म्हणून पर्यावरणाकडे वळली, असंही कुणी कुणी म्हणालं. तसं ते नव्हतं.

मुळात हिप-हॉप जन्मलं तेच एका इमारतीच्या घरगुती कार्यक्रमात. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, 1520 सेजविक अव्हेन्यू. शाळा सुरू व्हायची होती, नव्या कपड्यांना पैसे हवे होते, म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. प्रवेश मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून-पालटून लांबवायचा, ही त्याची युक्ती. पुढे गर्दी खोलीत मावेना, तशी ही मंडळी बागांत गेली आणि रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून वीज घेऊ लागली. (मंडळाच्या मांडवाची वीज कुठून यायची, हे ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको.) याच ब्राँक्समधून त्याआधी सहा पदरी महामार्ग आरपार नेला होता, हजारो कुटुंबं उठवून. आणि त्याच 1973 मध्ये, त्याच शहरात, मॅनहॅटनच्या एका उजाड प्लॉटवर लिझ ख्रिस्ती आणि तिच्या सोबत्यांनी सार्वजनिक बाग उभी केली. ओस पडलेल्या जागांच्या कुंपणावरून ही मंडळी बियांचे गोळे आत फेकायची. गाणारे आणि माती उकरणारे तेव्हा एकमेकांना ओळखत नसतीलही. अडचण मात्र दोघांची एकच होती, शहरात आपल्याला जागा नाही.

मुंबईत रॅप आलं ते असं अंगणातून नाही आलं. ते केबलवरून आणि मग मोबाइलवरून आलं. आधी इंग्रजी गाण्यांची नक्कल, मग ऑर्कुटवर टाइप करून चालणारी जुगलबंदी, मग हिंदी-मराठीत बोलायचं धाडस. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 मध्ये आयपॅडवर 'आफत' केलं आणि पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचं 'मेरे गली में' आलं, तोवर गल्ल्यागल्ल्यांत पोरं गोल करून उभी राहू लागली होती. या गोलाला सायफर म्हणतात. एक जण तोंडाने बीट धरतो (हेच बीटबॉक्स), बाकीचे पाळीपाळीने आत येऊन आपले बार, म्हणजे रॅपच्या ओळी, टाकतात. स्टुडिओ नको, स्टेज नको, बिल नको. धारावीत तर रिकामी पिंपं आणि डबे बडवून वाजवणाऱ्या मुलांचा 'धारावी रॉक्स' हा बँडच झाला. अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक जिथे निवडलं जातं तिथे वाद्यं त्याच ढिगातून निघणार, त्यात कसलं नवल. तिथूनच मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकर, मोठाले वृक्ष, पक्षी, आणि हे सगळं जुन्या कचरा डेपोवर. कचऱ्यावर जंगल वाढवता येतं हे या शहराला ठाऊक आहे, म्हणूनच आरेतल्या झाडतोडीचा वाद जास्त झोंबला.

आरेचं मूळ दुधात. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवायचे म्हणून 1949 मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. तीन हजार एकरांहून जास्त जमीन, गवताची कुरणं, गोठे. तिथे आधीपासून पाडे होते, वारली, कोळी, कोकणा अशा आदिवासींचे. आज 27 पाडे मोजले जातात. वसाहत त्यांच्या डोक्यावरून आखली गेली. पुढे तिच्यातून एकेक तुकडा निघत गेला. दादासाहेब फाळके चित्रनगरी झाली, 26/11 नंतर फोर्स वन या राज्याच्या कमांडो पथकाला जागा दिली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या रानात बिबटे फिरतात, आणि पाड्यांत वाघोबाची पूजा होते, शेंदूर लावून. काही पाड्यांना मात्र मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहून कैक दशकं वीज मिळाली नव्हती. शहराच्या पोटात असून अंधारात, हे लिहायला सोपं आहे, पण पाड्यातल्या पोरांनी अभ्यास कंदिलावर केला आहे.

इथे तारप्याबद्दल, म्हणजे वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्याबद्दल, जरा सविस्तर सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याच्या खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, जोडायला मेण. सगळं अंगणात नाहीतर रानात मिळणारं. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, नाकाने घेतो आणि गालात साठवलेली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर थांबत म्हणून नाही. त्याच्याभोवती बायका-माणसं कमरेत हात घालून गोल फिरतात. भिंतीवरच्या वारली चित्रांत जो वळसा दिसतो तो हाच. आता सायफर आठवा. मध्ये श्वासावर ताल धरणारा एक जण, भोवती माणसांचं कडं. वाद्य गळ्यात किंवा हातात, वायर कुठेच नाही. 'स्वदेसी'ची पोरं आरेत गेली ती काही तारप्यावर संशोधन करायला नाही, पण अशा कड्यात त्यांना परकं वाटलं नसावं. त्यांच्यातल्या काहींनी 'ता धोम' उपक्रमात मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्याबरोबर मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायचा सराव केला होता. 'गली बॉय'मधलं 'इंडिया 91' त्यातूनच आलं.

गाण्याच्या नावातला उठाव खरा आहे. 1945 साली ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उभे राहिले. वेठबिगार बंद करा आणि गवत कापायला रास्त मजुरी द्या, एवढंच मागणं. गोदूताईंनी पुढे त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. त्याच काळात मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक डफावर गात होतं, आणि आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत होत होते. 'रॅप म्हणजे आपली शाहिरीच' असं हल्ली सहज म्हटलं जातं. मला ते घाईचं वाटतं. बहुतेक पोरांनी शाहिरी ऐकली ती रॅप शिकल्यानंतर. पण 'स्वदेसी'तल्या एमसी मवाली आणि एमसी तोडफोड यांची नावं बघा. वर्तमानपत्रात वस्तीतल्या पोरासाठी जे शब्द छापून येतात तेच त्यांनी छातीवर लावले. तोडफोड हा दादर-नायगावच्या बीडीडी चाळीतला, गुजरातीतही रॅप करायचा. त्या चाळींत गाण्यातून उत्तर द्यायचं हे वळण आधीच्या पिढ्यांचं आहे.

मग 2019 चा पावसाळा. मेट्रो 3 च्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेसाठी, आरेतली 2,185 झाडं तोडायला आणि 461 दुसरीकडे लावायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने 29 ऑगस्टला परवानगी दिली. खरं तर 2014 च्या अखेरीपासून विरोध चालू होता, पण आता दर रविवारी आरेच्या रस्त्यावर मानवी साखळी होऊ लागली. डबा घेऊन आलेली कुटुंबं, कॉलेजची पोरं, पाड्यांतल्या बाया, पुठ्ठ्यावर रंगवलेल्या घोषणा, गिटार, डफ, रॅप. मोर्चा की सहल, असा प्रश्न पडावा असं वातावरण. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिवे लावून करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. 7 ऑक्टोबरला, कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर 2,141 झाडं पडली होती. प्रजापूरपाड्यातली कुटुंबं त्याच्याही आधी मेट्रोच्या कामासाठी उठून इमारतीत गेली होती. भोपळ्याचा वेल चढवायला तिथे मांडव नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायची घोषणा झाली आणि आरेतली 800 एकरांच्या आसपास जमीन राखीव वन ठरवली गेली. 2022 च्या जूनअखेरीस सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा आरेत आली. त्याच वर्षी मार्चमध्ये एमसी तोडफोड गेला, वयाच्या 24 व्या वर्षी. मेट्रो 3 चा पहिला टप्पा, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, प्रवाशांसाठी खुला झाला 7 ऑक्टोबर 2024 ला. करवती थांबवणाऱ्या आदेशाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.