ब्राउझर कोणता, आणि हेर आत येतो कुठून

पुण्यातल्या बऱ्याच घरांत आजही एक सामायिक संगणक असतो. महापालिकेचा मिळकतकर त्यावरच भरला जातो, सीईटीचा अर्ज त्यावरच, गावाकडचा सातबाराही त्यावरच काढला जातो आणि घरातला धाकटा त्याच खात्यात गेम उतरवतो. नेटबँकिंग, डीमॅट, आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, चौघांचे मेल, सगळं त्या एका यंत्रात. अशा घरांतून हमखास विचारलं जातं, "क्रोम वापरायचं की फायरफॉक्स? सेफ कोणतं?" प्रश्न योग्य आहे. पण आधी हेरगिरी करणारे प्रोग्राम, म्हणजे स्पायवेअर, आज संगणकात शिरतात कुठून ते पाहायला हवं. वीस वर्षांपूर्वी ते ब्राउझर फोडून शिरायचे. आता बहुतेक वेळा आपणच त्यांना आत घेतो.

ब्राउझरचं काम मुळातच जोखमीचं. वेबसाइट उघडली की मजकूर आणि चित्रांबरोबर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला कोडही येतो आणि तो आपल्या संगणकावर चालतो. बातमीच्या एका पानावर वृत्तपत्राचा स्वतःचा कोड असतो. शिवाय जाहिरात कंपन्यांचा असतो, वाचकांची मोजदाद करणाऱ्यांचा असतो, व्हिडिओवाल्यांचा असतो. ही सगळी माणसं आपल्याला अनोळखी. त्यांचा कोड चालू तर द्यायचा, पण त्याला आपल्या फायलींना हात लावू द्यायचा नाही, ही ब्राउझरची खरी परीक्षा आहे.

२००१ साली आलेला इंटरनेट एक्स्प्लोरर ६ या परीक्षेत सपशेल नापास झाला. त्यात अ‍ॅक्टिव्हएक्स नावाची सोय होती. वेबसाइट एखादा छोटा प्रोग्राम पाठवायची, आपण 'येस' दाबलं की तो थेट विंडोजमध्ये बसायचा आणि आपल्याला जे अधिकार असतील ते सगळे त्यालाही मिळायचे. ब्राउझरमध्ये एखादी चूक राहिलेली असली, तर 'येस'ही लागायचं नाही. तेव्हा जगातले दहापैकी नऊ लोक हाच ब्राउझर वापरत होते. माथ्यावर तीन-चार टूलबार, परस्पर बदललेलं होमपेज आणि बंद केल्या तरी उगवणाऱ्या जाहिराती, हे तेव्हाच्या सायबर कॅफेत बसलेल्या कुणालाही आठवेल. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली आणि तिच्यात अ‍ॅक्टिव्हएक्स नव्हतंच. 'ब्राउझर बदला' हा सल्ला त्या दिवसांत अगदी खरा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं जायंट नावाची स्पायवेअर हटवणारी कंपनी विकत घेतली. आज विंडोजबरोबर फुकट मिळणारा डिफेंडर हा तिच्याच प्रोग्रामचा वंशज आहे.

पुढचा मोठा टप्पा २००८ चा. क्रोम आला तोच वेगळी रचना घेऊन. पेठेतला जुना वाडा आठवून पाहा. बिऱ्हाडं अनेक, प्रत्येकाची खोली वेगळी, आणि मालकाच्या तिजोरीपर्यंत कुणालाच थेट जाता येत नाही; काही हवं असेल तर मालकाकडे मागायचं. क्रोमनं टॅबमधल्या कोडला अशीच बंद खोली दिली. फाइल वाचायची, कॅमेरा सुरू करायचा, काहीही करायचं तर ब्राउझरच्या मुख्य भागाकडे विनंती करावी लागते. या व्यवस्थेला सँडबॉक्स म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरच्या रचनेतच असलेली 'स्पेक्टर' ही त्रुटी जाहीर झाली. एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे संगणकात चालू असलेल्या एकाच कामात, चालणाऱ्या दोन वेबसाइटपैकी एकीला दुसरीचा डेटा चोरून वाचता येऊ शकतो, हे तिनं दाखवून दिलं. त्यानंतर क्रोमनं प्रत्येक वेबसाइटला स्वतंत्र प्रोसेस देणं सुरू केलं. फायरफॉक्सनं २०२१ मध्ये तेच केलं. आज या भिंती फोडायला दुर्मीळ आणि महागडी त्रुटी सापडावी लागते आणि ती बहुधा एखाद्या पत्रकारावर किंवा मंत्र्यावर खर्च होते. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या संगणकासाठी ती कुणी वाया घालवत नाही.

निवडीचा प्रश्नही दिसतो तितका मोठा नाही. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही नावं वेगवेगळी असली तरी सगळ्यांच्या पोटात पानं दाखवणारा गाभा, म्हणजे इंजिन, गूगलच्या क्रोमियमचंच आहे. फायरफॉक्सचं इंजिन तेवढं स्वतंत्र आहे. त्याचं नाव गेको. सफारीचं वेबकिट आहे, पण विंडोजसाठी सफारी २०१२ मध्येच थांबला. म्हणजे विंडोजवर निवड होते ती दोन घराण्यांमधून, आणि भिंतीच्या मजबुतीच्या बाबतीत दोन्ही चांगली आहेत. अट एकच, ब्राउझर अद्ययावत हवा. कोपऱ्यात 'अपडेट' दिसू लागलं की तो बंद करून पुन्हा उघडायचा. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं ते चोरांनाही कळतं, त्यामुळे जुनी आवृत्ती चालवत राहणं हे नवा ब्राउझर न निवडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

भिंत मजबूत झाल्यावर चोरांनी तिचा नाद सोडला. आता त्यांना हवा असतो आपणच डबल क्लिक केलेला प्रोग्राम, कारण तो वाड्यातलं बिऱ्हाड राहतच नाही, तो मालकाच्याच नावानं वावरतो. सध्याच्या स्पायवेअरमधला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे इन्फोस्टीलर. पूर्वीसारखे टूलबार नाहीत, संगणक मंदही होत नाही. तो एकदा चालतो, काही मिनिटांत ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड, कुकी (लॉगिनच्या खूणचिठ्ठ्या, त्यांच्याविषयी पुढे) आणि डेस्कटॉपवरची कागदपत्रं गोळा करून पाठवून देतो, आणि बऱ्याचदा स्वतःला पुसूनही टाकतो. यातल्या 'लुमा' नावाच्या स्टीलरविरुद्ध मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि काही देशांच्या तपास यंत्रणांनी मिळून कारवाई केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत तो शिरलेला मायक्रोसॉफ्टला आढळला होता.

हे त्याला जमतं कसं? क्रोम आणि त्याच्या घराण्यातले ब्राउझर पासवर्ड कुलूपबंद करून ठेवतात हे खरं, पण त्या कुलपाची किल्ली पूर्वापार विंडोजकडे असते, आणि आपल्या खात्यात चालणाऱ्या प्रोग्रामनं मागितली की विंडोज ती देतं. मागणारा क्रोम आहे की चोर, हे तिथे तपासलं जात नव्हतं. जुलै २०२४ मध्ये क्रोमनं विंडोजवर कुकींसाठी जास्तीचं कुलूप आणलं. स्टीलर लिहिणाऱ्यांनी काही महिन्यांतच पळवाटा काढल्या. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावता येतो आणि तो लावला तर साठवलेले पासवर्ड बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. मात्र तो आपणहून सुरू करावा लागतो आणि कुकींना त्याचं संरक्षण नसतं.

कुकी हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपण मेलमध्ये पासवर्ड टाकतो, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकतो, त्यानंतर मेलचा सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक लांबलचक खूणचिठ्ठी देतो. तीच कुकी. पुढचे कित्येक दिवस ही चिठ्ठी दाखवली की आत प्रवेश. चिठ्ठी चोरीला गेली तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. सर्व्हरच्या दृष्टीनं तो म्हणजे आपणच. बँकांच्या वेबसाइट काही मिनिटांत आपल्याला बाहेर काढतात. रोज लॉगिन करण्याचा वैताग येतो खरा, पण त्यामुळे चोरलेली चिठ्ठी लवकर निकामी होते. मेल मात्र महिनोन्‌महिने उघडाच असतो, आणि बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे मेलवरच येतात. म्हणून घरातल्या सगळ्या खात्यांमध्ये मी मेलला सर्वांत जास्त जपायला सांगतो, बँकेपेक्षाही.

आता स्पायवेअर आत येण्याच्या वाटा पाहू. सगळ्यात जुनी आणि अजूनही वाहती वाट म्हणजे क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर. जोडून घेतलेल्या संगणकात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप 'टाकून' मिळण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. पण ज्या 'अ‍ॅक्टिव्हेटर'नं हे चालतं तो कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याच्या सूचनांमधली पहिली ओळ बहुधा 'अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये येते, कारण तशा झिपच्या आत तपासणी करणाऱ्या प्रोग्रामला डोकावता येत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना मला कळकळीनं सांगायचं आहे की ऑटोकॅड ऑटोडेस्कच विद्यार्थ्यांना मोफत देतं. पत्रव्यवहाराला लिबरऑफिस पुरतं. देवनागरी टाइपसाठी मुक्ता आणि बालू यांसारखे सुंदर फॉन्ट फुकट उपलब्ध आहेत. चोरीच्या मालाची गरज आता पूर्वीइतकी उरलेली नाही.

दुसरी वाट शोधातल्या जाहिरातींची. एखादा ओळखीचा प्रोग्राम शोधला की पहिला दुवा कधीकधी जाहिरातीचा असतो आणि तो हुबेहूब नकली वेबसाइटवर नेतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं याबद्दल इशारा दिला आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरा असा स्पष्ट सल्ला दिला.

तिसरी वाट नवी आहे आणि मला तिची सर्वांत जास्त धास्ती वाटते. एखाद्या पानावर 'तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करा' अशी नेहमीची चौकट येते. तिच्यावर टिचकी मारली की सूचना दिसतात: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिचकी मारली त्याच क्षणी पानानं आपल्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या जोडीनं विंडोजची 'रन' चौकट उघडते, दुसरीनं ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटरनं स्टीलर उतरून चालू होतो. इथे ब्राउझरची एकही भिंत फुटलेली नाही. त्यानं फक्त थोडा मजकूर कॉपी होऊ दिला, आणि ते तर प्रत्येक वेबसाइट करते. कोणताही ब्राउझर निवडला असता तरी हेच झालं असतं. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्येष्ठांना, एवढं शिकवून ठेवा की कोणतीही खरी वेबसाइट आपल्याला विंडोज-आर दाबायला सांगत नाही.

एक्स्टेन्शन ही चौथी वाट. एक्स्टेन्शनला आपण सगळी पानं वाचण्याची परवानगी देऊन बसतो, आणि आज चांगलं असलेलं उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. टॅब झोपवून मेमरी वाचवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' लाखो लोक वापरत होते. मूळ लेखकानं ते विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावं लागलं. दोन-तीनपेक्षा जास्त एक्स्टेन्शन घरच्या संगणकाला लागत नाहीत.

मग मी स्वतः काय सुचवतो? फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. कारण साधं आहे. गूगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे क्रोममध्ये पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, त्याची हलकी 'लाइट' आवृत्ती चालते; फायरफॉक्समध्ये मूळचं चालतं. शिवाय एका वेबसाइटवरची कुकी दुसरीकडे वापरून आपला माग काढण्याला फायरफॉक्सनं २०२२ पासून आपणहून आळा घातला आहे. ज्यांचं काम क्रोम किंवा एजशिवाय अडतं त्यांनी तेच वापरावं, लाइट आवृत्ती घालून. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवण्याची सोय मुळातच असते. इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दल, मात्र गैरसमज नको. घरातल्या दुसऱ्या माणसाला इतिहास दिसू नये एवढंच त्याचं काम. स्पायवेअरपुढे त्याचा उपयोग शून्य.

संगणकाच्या बाजूनं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे वेगवेगळी खाती. धाकट्याला स्वतःचं साधं खातं द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेलं आणि स्वतःच्या पासवर्डचं. त्याच्या खात्यात काही शिरलं तर आईच्या खात्यातले पासवर्ड आणि कुकी त्याला सहजी वाचता येत नाहीत. अँटिव्हायरस एकच ठेवावा. अद्ययावत डिफेंडर बहुतेक घरांना पुरेसा आहे. या बाबतीत पुण्याचा स्वतःचा वारसाही आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात, दुरुस्तीला येणाऱ्या व्हायरसग्रस्त संगणकांवर उपाय म्हणून जे लिहिलं त्यातूनच क्विक हील उभी राहिली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सफाईची मोफत साधनं देतं. आणि तुमच्या संगणकात विंडोज १० असेल तर एक तारीख लक्षात घ्या: त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर एक वर्षाची वाढीव मुदत मिळते. ब्राउझरची बंद खोली शेवटी विंडोजच्याच पायावर उभी असते.

शंका आली की काहीतरी चाललं आणि जायला नको होतं ते गेलं, तर आधी इंटरनेट तोडा. त्या संगणकावर पासवर्ड बदलू नका. नवा पासवर्डही तसाच जाईल. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून आधी मेलचा पासवर्ड बदला आणि 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करा, म्हणजे चोरलेल्या चिठ्ठ्या निकामी होतील. मेलमध्ये परक्याचा फोन नंबर किंवा परस्पर पुढे पाठवण्याचा नियम घातला गेला आहे का ते पाहा. मग बँक, डीमॅट, बाकीची खाती. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार. विंडोज पुसून नव्यानं घाला. परत घेताना फोटो आणि कागदपत्रं तेवढी घ्या, डाउनलोड फोल्डरमधले सेटअप आणि झिप घेऊ नका. ज्या फायलीतून हे सगळं सुरू झालं ती बहुधा तिथेच पडलेली असते.