जास्वंदीवरील पांढऱ्या किडीबाबत: फवारणीपूर्वी एवढे पाहावे

उन्हाळा लागला की घोडबंदर रस्त्यावरील सोसायट्यांमधून आमच्या रोपवाटिकेत एकच तक्रार येते: मित्रकीटक (कीड खाणारे कीटक) सोडूनही जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड कमी न होता उलट मोठी झाली. विचारपूस केल्यावर बहुधा कळते की, माळ्याकडून कडक औषध मारून झालेले आहे. हे ‘मोठे ढेकूण’ म्हणजे आम्हीच सोडलेल्या क्रिप्टोलेमस या मूळच्या ऑस्ट्रेलियन भुंगेऱ्याच्या अळ्या असतात.

या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके असल्याने ती आपल्या भक्ष्यासारखीच दिसते, आणि त्यात तिचा फायदा आहे. ढेकणांतून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात व शत्रूंना हुसकावतात. मेणाच्या या सोंगामुळे अळी मात्र पुष्कळदा त्यांच्या तावडीतून सुटते. राखणदारच फसत असतील, तर ग्राहकांना दोष कसा द्यावा? तरीही काडीने हलकेच डिवचून पाहावे. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी चालू लागते. शिवाय ढेकूण जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो, तर अळी वाढून एक सेंटिमीटरच्याही पुढे जाते.

‘एक फवारा मारून विषय का संपवत नाही?’ असेही विचारले जाते. जास्वंद आणि चाफ्यावरही वाढणारा पपईवरील पिठ्या ढेकूण हा मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. भारतात तो २००८ मध्ये कोइम्बतूर येथे आढळला, तेव्हा त्याला आवरणारे शत्रू इथे नव्हते. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या सोडल्यावर त्याचा जोर ओसरला. (त्या माणसाला चावत नाहीत.) औषधाने या माश्या आणि भुंगेरे आधी मरतात, मेणाखालची व कापसासारख्या पिशवीतली ढेकणांची अंडी मात्र पुष्कळदा वाचतात, आणि मग कीड मोकळ्या रानात वाढते.

म्हणून फवारणी झालेल्या झाडावर आम्ही लगेच कीटक सोडत नाही, आणि त्या फेरीचे शुल्क वेगळे घ्यावे लागते. कीड फारच दाट असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे, पण ते कीटक सोडण्यापूर्वी. मुंग्या रोखण्यासाठी बुंध्याला चिकटपट्टी बांधण्याचे काम पहिल्या भेटीच्या शुल्कातच समाविष्ट आहे. शंका आल्यास औषधाच्या दुकानात जाण्याआधी पानाचे छायाचित्र आम्हांस पाठवावे. ते पाहून सांगण्याचे आम्ही काही घेत नाही.