‘नावापुरती गॅलॅक्टिका’: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१७ सप्टेंबर १९७८, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही नवी विज्ञानकथा मालिका सुरू झाली. पहिलाच भाग तीन तासांचा. कथेची सुरुवात एका तहापासून होते. हजार वर्षं माणसांशी लढणारे सायलॉन नावाचे यंत्रसैनिक अचानक शांततेची भाषा बोलू लागतात, माणसांचे पुढारी युद्धनौका घेऊन सहीसाठी निघतात आणि तो सगळा बनाव ठरतो. माणसांच्या बारा वसाहती बेचिराख होतात आणि वाचलेली माणसं गॅलॅक्टिका या युद्धनौकेच्या आधारानं जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीच्या शोधात निघतात. त्या रात्री हे प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं, कारण अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर, इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात व्हाइट हाउसमध्ये इस्रायल-इजिप्त शांततेचा कॅम्प डेव्हिड करार जाहीर करत होते. खोट्या तहाची गोष्ट खऱ्या तहासाठी थांबली. बातमी संपल्यावर उरलेला भाग पुढे दाखवला गेला.

पंचवीस वर्षांनी हीच गोष्ट नव्यानं सांगितली गेली आणि ‘मूळ की रिमेक’ हा वाद पेटला. विज्ञानकथेच्या चाहत्यांमध्ये इतका लांबलेला आणि इतका मनाला लावून घेतलेला वाद दुसरा क्वचितच सापडेल. दोन्ही मालिका मी पाहिल्या आहेत, दोन्हींवर माझा जीव आहे. या भांडणाचं मूळ नट आणि नेपथ्य यांच्या तुलनेत शोधून सापडत नाही. ते आधीच्या पंचवीस वर्षांत आहे.

मूळ मालिकेचा कर्ता ग्लेन लार्सन. तो मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या धर्मपंथात वाढला होता आणि त्या श्रद्धेच्या खुणा कथेत जागोजागी दिसतात. बारा वसाहती, बारा जणांची परिषद, मानवजातीचं आदिस्थान असलेला ‘कोबॉल’ ग्रह. हे नाव मॉर्मन ग्रंथांतल्या ‘कोलॉब’वरून आलेलं. वसाहतींना नावं मात्र राशींची. पुढे रिमेकनं ती ठळक केली. कॅप्रिका म्हणजे मकर, जेमेनॉन म्हणजे मिथुन, सॅजिटॅरॉन म्हणजे धनू. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा नकाशा लगेच कळतो.

चित्रतंत्र जॉन डायक्स्ट्रा यांचं होतं. वर्षभरापूर्वीच त्यांनी ‘स्टार वॉर्स’ची दृश्यं घडवली होती. त्यामुळे ‘स्टार वॉर्स’वाल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं ही मालिका बनवणाऱ्या युनिव्हर्सलवर कल्पना चोरल्याचा दावा लावला आणि साम्याचे ३४ मुद्दे कोर्टापुढे ठेवले. खालच्या कोर्टात युनिव्हर्सलच्या बाजूनं निकाल लागला, १९८३ साली अपील कोर्टानं तो फिरवला आणि शेवटी तडजोड झाली. म्हणजे ‘ही नक्कल आहे’ हा आरोप मूळ मालिकेलाही तिच्या जन्माच्या वर्षीच चिकटला होता. रिमेकला नकली म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

एका भागाचा खर्च सुमारे दहा लाख डॉलर. त्या काळात हे आकडे टीव्हीवर ऐकिवात नव्हते. मुळात बेत होता मोठ्या टीव्ही-चित्रपटांचा, पण वाहिनीनं दर आठवड्याची मालिका मागितली आणि लेखक, तंत्रज्ञ सगळ्यांचीच दमछाक झाली. अवकाशातल्या लढाईची तीच दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली गेली. लक्ष देऊन पाहिलं तर तेच सायलॉन यान, त्याच कोनातून, कितीतरी भागांत फुटताना दिसतं. प्रेक्षकसंख्या घटत गेली आणि एकाच सीझननंतर, १९७९च्या एप्रिलमध्ये, मालिका बंद झाली. ताफा पृथ्वीवर पोचलाच नाही.

मला विचाराल तर वादाचं बीज इथं आहे. मालिका पडली असती आणि लोक विसरले असते तर गोष्ट वेगळी. पण ती अर्ध्यावर तुटली. लॉर्न ग्रीनचा वडीलधारा कमांडर अडामा, रिचर्ड हॅचचा सरळमार्गी अपोलो, डर्क बेनेडिक्टचा सिगार ओढणारा, पत्ते कुटणारा, बायकांच्या मागे लागणारा स्टारबक हे सगळे अंतराळात तसेच लटकत राहिले. १९८०मध्ये ‘गॅलॅक्टिका १९८०’ नावाची स्वस्तातली पुढची मालिका आली. ताफा आजच्या पृथ्वीवर येतो, उडत्या मोटारसायकली, शाळकरी मुलं. दहा भागांत तीही आटोपली. बहुतेक चाहते तिला मोजतच नाहीत.

मग वाट पाहणं सुरू झालं, आणि त्यात सर्वांत पुढे होता स्वतः हॅच. त्यानं अपोलोची पुढची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्या सहलेखकांबरोबर लिहिल्या. १९९९मध्ये पदरचे पैसे घालून ‘द सेकंड कमिंग’ नावाचा छोटा नमुनापट बनवला. त्यात जुन्या मालिकेतले काही नट म्हातारे होऊन परत आले होते. तो चाहत्यांच्या अधिवेशनांमध्ये दाखवला की सभागृह उभं राहायचं. चाहत्यांना नवी गोष्ट नको होती, तुटलेल्या गोष्टीचा पुढचा धागा हवा होता. २००१मध्ये दिग्दर्शक ब्रायन सिंगर आणि निर्माता टॉम डीसँटो यांनी खरंच पुढचा अध्याय करायला घेतला. पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काम लांबलं, सिंगर ‘एक्स-मेन’च्या दुसऱ्या चित्रपटाकडे गेला आणि तेही बारगळलं.

यानंतर निर्माता डेव्हिड आइक यानं रोनाल्ड मूर या लेखकाला बोलावलं. मूर ‘स्टार ट्रेक’च्या दोन मालिकांत वर्षानुवर्षं लिहून तयार झालेला आणि तिथल्या गुळगुळीतपणाला कंटाळलेला. २००२च्या सुरुवातीला त्यानं जुना पहिला भाग पुन्हा पाहिला. बेसावध शहरांवर आकाशातून येणारा विनाश आणि त्यातून जीव वाचवून पळणारी माणसं. जुळे मनोरे पडून काही महिनेच झाले होते. मूरनं ठरवलं की गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि या धक्क्याकडे पाठ फिरवायची नाही. ज्यांनी वीस-बावीस वर्षं दिवा तेवत ठेवला होता त्यांच्या हाती पुढचा अध्याय येणारच नव्हता.

राग आला तो इथून. २००३मध्ये जुन्या मालिकेच्या पंचविशीनिमित्त भरलेल्या गॅलॅक्टिकॉन अधिवेशनात मूर नव्या मालिकेची दृश्यं घेऊन गेला, तेव्हा त्याला उघड रोष झेलावा लागला. एडवर्ड जेम्स ओल्मोस, म्हणजे नवा अडामा, यानं तर जुन्या मालिकेवर निस्सीम प्रेम असलेल्यांनी ही पाहूच नये असं जाहीरपणे सांगितलं. काही चाहत्यांनी नव्या मालिकेला GINO (Galactica In Name Only) हे चार इंग्रजी आद्याक्षरांचं नाव पाडलं, त्याचा अर्थ ‘नावापुरती गॅलॅक्टिका’.

सर्वांत मोठा स्फोट स्टारबकवरून झाला. नवी स्टारबक बाई होती, केटी सॅकहॉफ. सिगार तोच, पत्ते तेच, उद्धटपणा तोच. बेनेडिक्टनं २००४मध्ये एक जळजळीत लेख लिहून आपल्या पात्राचं पौरुष छाटलं गेल्याची तक्रार केली. तो लेख आज वाचवत नाही. सॅकहॉफच्या स्टारबकला स्वतःची जखम आहे, आईशी असलेलं नातं आहे, आत्मनाशाची ओढ आहे. जुना स्टारबक लोभस होता, पण त्याला आत डोकावायची सवड कथेनं कधी दिली नाही. दुसरी एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. १९७८च्या मालिकेत कर्नल टाय आणि बूमर या दोन महत्त्वाच्या भूमिका टेरी कार्टर आणि हर्बर्ट जेफरसन या कृष्णवर्णीय नटांकडे होत्या. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. रिमेकमध्ये टाय गोरा झाला, बूमर आशियाई वंशाची स्त्री झाली. स्त्री-पुरुष बदलाच्या गदारोळात हा बदल फारसा कुणी बोललाच नाही.

पण ज्या एका निर्णयानं दोन मालिका खरोखर वेगळ्या झाल्या, तो नटांचा नव्हता. सायलॉन कुणी बनवले? १९७८चं उत्तर: सरड्यासारख्या एका परक्या जमातीनं. म्हणजे शत्रू बाहेरचा, त्याच्याशी माणसाचं नातं नाही. २००३चं उत्तर: माणसानं. माणसानं राबवून घेण्यासाठी यंत्रं केली, ती उलटली, निघून गेली आणि चाळीस वर्षांनी परत आली तेव्हा त्यांतली काही हुबेहूब माणसासारखी दिसत होती. या एका वाक्यानं साहसकथेची अपराधभावाची कथा झाली. बाल्टरही तसाच पालटला. जॉन कोलिकॉसचा बाल्टर सत्तेसाठी आपल्याच माणसांना विकणारा खलनायक होता. जेम्स कॅलिसचा बाल्टर संगणकशास्त्रज्ञ आहे, बुद्धिमान, कीर्तीचा भुकेला. एका सुंदर बाईला तो संरक्षणयंत्रणेची दारं उघडून देतो आणि ती कोण आहे हे त्याला उशिरा कळतं. शास्त्रज्ञाच्या जबाबदारीबद्दल टीव्हीनं याहून टोकदार काही सांगितलेलं मला आठवत नाही.

गॅलॅक्टिका वाचते तीही याच तर्कानं. ती जुनाट आहे, संग्रहालय व्हायला निघालेली आहे आणि अडामा तिच्यावरचे संगणक एकमेकांना जोडू देत नाही. जोडलेल्या अद्ययावत युद्धनौका सायलॉनांच्या एका आज्ञेनं बंद पडतात. तारांचे फोन आणि कागदाचे नकाशे वापरणारी म्हातारी नौका लढत राहते.

मूरनं सुरुवातीलाच आपल्या लेखनाचं धोरण मांडलं होतं आणि त्याला ‘निसर्गवादी विज्ञानकथा’ म्हटलं होतं. जुनी व्हायपर ही लढाऊ यानं हवेतल्या विमानासारखी वळायची. नवी यानं छोट्या झोतांनी गर्रकन फिरतात आणि त्याच वेगानं उलट्या तोंडानं पुढे जात मागे गोळ्या झाडतात. न्यूटनला हेच अपेक्षित आहे. अवकाशातले आवाज दबके ठेवले. कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतो. शनीकडे गेलेल्या कॅसिनी मोहिमेवर काम करणारे केव्हिन ग्रेझियर विज्ञान सल्लागार होते. पाण्याच्या टाक्या फुटल्या तर ताफा किती दिवस तगेल, पाणी शोधायचं कुठे, यावर अख्खा एक भाग आहे. २००३च्या लघुमालिकेनंतर नियमित मालिका सुरू झाली, तिच्या ‘३३’ या पहिल्या भागात सायलॉन दर तेहेतीस मिनिटांनी गाठतात, पाच दिवस कुणालाच झोप नाही. राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा असतो. तो घटत जातो आणि शेवटी एका बाळाच्या जन्मानं एकानं वाढतो. या भागाला २००५चा ह्यूगो हा विज्ञानकथेचा मानाचा पुरस्कार मिळाला.

पुढे प्रसारमाध्यमांसाठीचा पीबॉडी पुरस्कार आला. शेवटच्या भागाच्या तीनच दिवस आधी, १७ मार्च २००९ला, संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात या मालिकेवरून मानवी हक्क आणि दहशतवाद यांवर चर्चा झाली. तोवर जुन्या चाहत्यांपैकी अनेक जण वळले होते. हॅच तर २००४मध्येच वळला. नव्या मालिकेत तो टॉम झॅरेक नावाचा बंडखोर कैदी झाला आणि त्यानं ती भूमिका अशी केली की अपोलो आठवूच नये.

एक गोष्ट आपल्या कानांची. रिमेकच्या शीर्षकसंगीतात, रिचर्ड गिब्ज यांच्या रचनेत, बाई संथ सुरात गाते ते शब्द गायत्री मंत्राचे आहेत. तत्सवितुर्वरेण्यं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाग थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावला. मालिकेत वारंवार येणारं, हे सगळं पूर्वी घडलंय आणि पुन्हा घडणार आहे, हे वाक्य त्या मंत्रानंतर कालचक्रासारखंच ऐकू येतं.

जुन्या मालिकेला रिमेकनं किती ठिकाणी नमस्कार केला आहे हे भांडणात विसरलं जातं. २००३च्या लघुमालिकेतल्या संग्रहालयात जुना, चकचकीत सायलॉन काचेत उभा आहे. गॅलॅक्टिकाच्या निवृत्ती समारंभात वाजतं ते वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणजे स्टू फिलिप्स यांचं १९७८चं शीर्षकसंगीत. जुन्या मालिकेतल्या पत्त्यांच्या डावाचं आणि मैदानी खेळाचं नाव नव्या मालिकेत अदलाबदल होऊन बसलं, ते मात्र चुकून.

आणि मग शेवट. २० मार्च २००९. स्टारबक हवेत विरून जाते, स्वतःला देवदूत म्हणवणाऱ्या आकृती खरेच देवदूत निघतात, ताफा दीड लाख वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवर उतरतो. निसर्गवादी विज्ञानकथा म्हणून जिच्यावर जीव लावला तिनं देवाच्या हाती कथा सोपवली, म्हणून रिमेकचे चाहते खवळले. आता फसवले गेल्याची भावना त्यांच्या वाट्याला आली होती. पण १९७९च्या जानेवारीत मूळ मालिकेनं प्रकाशाच्या नौकेतून येणारे देवदूतासारखे जीव दाखवले होतेच. लार्सनची श्रद्धा तीस वर्षांनी मूरच्या कथेत परत आली होती. जुन्या चाहत्यांपैकी काहींना तो शेवट आवडला यात मला नवल वाटत नाही.

शेवटच्या भागात माणसं पृथ्वीवर राहतात आणि रिकामी जहाजं सूर्यात सोडून दिली जातात. पुढे म्हातारी गॅलॅक्टिका, मागे सगळा ताफा. बेअर मॅक्रिअरी या रिमेकच्या संगीतकारानं त्या दृश्याखाली स्वतःची धून बाजूला ठेवली आणि स्टू फिलिप्सची १९७८ची धून वाजवली.