मोगरा चहा (चिनी)

चिनी उपाहारगृहांत जेवणाबरोबर किटलीतून दिल्या जाणाऱ्या, बिनदुधाच्या व बिनसाखरेच्या सुवासिक चहाचा एक प्रमुख प्रकार. मोगऱ्याच्या (जस्मिनम सँबॅक) उमलत्या कळ्यांचा वास मुरवलेल्या, बहुधा हिरव्या चहाच्या, सुक्या पानांपासून तो करतात. मँडरिनमध्ये यास ‘मोली हुआ छा’ म्हणतात. हाँगकाँग व ग्वांगजौ येथील चहागृहांत तो ‘हेउंग पिन’ या कँटोनी नावाने मागवला जातो. त्या चहागृहांत पु-अर, शौ मेई, तिएग्वानयिन हे चहाही तितकेच रूढ असल्याने चिनी उपाहारगृहातील चहा म्हणजे मोगरा चहाच, असे समीकरण मांडता येत नाही. ‘जॅस्मिन’चे चमेली असे मराठी भाषांतरही येथे दिशाभूल करते, कारण या चहातील फूल मोगऱ्याचेच असते.

‘मोली’ हा शब्द संस्कृत ‘मल्लिका’शी जोडला जातो व ते मत सामान्यतः ग्राह्य मानतात. ली शिजन या चिनी वैद्याने १५९६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या औषधिकोशात या फुलाच्या नावाची चार-पाच वेगवेगळी लेखने नोंदवली असून, मूळ शब्द परकीय असल्याने त्यास नियत चिनी अक्षरे नाहीत, असा अभिप्राय दिला आहे. फूल चीनमध्ये केव्हा पोहोचले, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जी हान याच्या नावावर असलेल्या व परंपरेने इ. स. ३०४ मधील मानल्या गेलेल्या दक्षिणेकडील वनस्पतींच्या वर्णनग्रंथात ‘मोली’ आणि ‘येशीमिंग’ (तुलना : फार्सी ‘यास्मिन’) ही दोन्ही फुले परदेशीयांनी पश्चिमेकडून आणून दक्षिण किनाऱ्यावर लावल्याचे म्हटले आहे. तथापि हा ग्रंथ आज ज्या रूपात उपलब्ध आहे ते बऱ्याच नंतरचे, कदाचित सुंग राजवंशाच्या काळातील (९६०–१२७९), असावे असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. काही अभ्यासक त्याचा गाभा जुना मानतात. केवळ या उताऱ्यावर कालनिश्चिती न करणे अधिक सयुक्तिक दिसते.

चहाला बाहेरून वास देण्याची प्रथा फुलांच्या चहाहून जुनी असावी. अकराव्या शतकाच्या मध्यास छाय श्यांग या सुंग अधिकाऱ्याने राजदरबारी जाणाऱ्या चहात थोडा कापूर मिसळत असल्याचे नोंदवले आहे. मात्र ज्या च्यिएनआन भागातून तो चहा येई, तेथील लोक पानाचा मूळ वास झाकला जाईल म्हणून तसे करीत नसत, असेही तो सांगतो. फुलांचा वास देण्याची स्पष्ट कृती मिंग राजवंशातील राजपुत्र जू छ्युआन (१३७८–१४४८) याच्या चहाविषयक ग्रंथात आढळते. कागद चिकटवलेल्या बांबूच्या दुमजली करंडीत वर चहा व खाली फुले ठेवून ती घट्ट बंद करावी आणि रात्र उलटल्यावर फुले बदलावीत, असे काही दिवस करावे, अशी ही कृती आहे. व्यापारी प्रमाणावरील उत्पादन मात्र आग्नेय चीनमधील फूजौ शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शिएनफंग सम्राटाच्या राजवटीत (१८५१–६१), वाढल्याचे सामान्यतः मानले जाते. फूजौची मोगरा व चहा लागवडपद्धती २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारसा म्हणून मान्य केली. आज सर्वांत मोठे उत्पादनक्षेत्र दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रदेशातील हेंगजौ हे आहे.

मोगऱ्याची कळी मिटलेली असताना जवळजवळ निर्गंध असते आणि संध्याकाळनंतर उमलताना वास सोडते. सगळी प्रक्रिया या एका गोष्टीवर बेतलेली आहे. कळ्या दुपारी खुडतात, रात्री त्या उमलू लागल्या की कोरड्या चहात मिसळून ढीग लावतात. ढीग तापला की तो पसरून निववतात व पुन्हा रचतात, सकाळी फुले चाळून काढतात आणि ओलावा शोषलेली पाने मंद आचेवर सुकवतात. सामान्य प्रतीस हे एक ते तीन वेळा, उंची प्रतीस सात किंवा अधिक वेळा केले जाते. फुले काढून टाकलेली असल्याने पुडीत दिसणाऱ्या पाकळ्या पुष्कळदा केवळ शोभेच्या असतात आणि त्यांवरून प्रत ठरवता येत नाही.

घरी हा चहा करताना वास मुरवलेली पाने विकत आणणे हाच व्यवहार्य मार्ग होय. माठात मोगरा घालून पाणी सुगंधित करण्याची आपली रीत याच तत्त्वाजवळची असली, तरी गरम पाण्यात ताज्या कळ्या टाकल्याने हा चहा साधत नाही; शिवाय बाजारातील गजऱ्याच्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. सुमारे ६०० मिली. पाण्यास ४ ते ५ ग्रॅम पाने पुरतात. पाणी उकळून थोडे निवू द्यावे (सु. ८०° ते ८५° से.), चिनी मातीची किटली आधी गरम पाण्याने विसळावी, आणि पाने न उकळता दोन-तीन मिनिटे मुरवावीत. उपाहारगृहात पाने किटलीतच राहतात आणि रिकामी होत आलेल्या किटलीत पुनःपुन्हा गरम पाणी ओततात. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीच्या त्या पातळ चहाची चव हवी असल्यास घरीही तळाशी तृतीयांश चहा राखून वर पाणी घालावे. कँटोनी रिवाजात किटलीचे झाकण उघडून ठेवणे ही पाणी मागण्याची खूण समजतात.